रात्री तीन वाजता मास्क कोण काढते? सीपॅप, मधुमेह आणि रक्तदाब एकत्र सांभाळताना

हळदीवाली | ९ जानेवारी, सकाळी १०.१५

सर्वांना नमस्कार. माझे वय ६१ असून माध्यमिक शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली आहेत, आणि मी सांगलीत राहते. मधुमेह १४ वर्षांपासून आहे, रक्तदाब नऊ वर्षांपासून, आणि थायरॉइडची गोळी तर इतकी जुनी आहे की ती कधी सुरू झाली हे आता आठवतही नाही. गेल्या मे महिन्यात या मंडळींमध्ये चौथ्याची भर पडली. स्लीप स्टडीमध्ये झोपेत ताशी ३८ वेळा श्वास अडकतो, म्हणजे स्लीप ॲप्निया नावाचा आजार आहे, असे निघाले. पाचच्या खालचा आकडा सामान्य, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि त्यावर तीव्र, अशी प्रतवारी मला समजावून सांगण्यात आली. म्हणजे मी थेट शेवटच्या वर्गात बसले.

आश्चर्य याचे वाटले की मी घोरते असे घरात कोणी कधी म्हटले नव्हते, कारण यजमानांची झोप अशी की उशाशी ढोल वाजला तरी मोडायची नाही. माझी तक्रार सकाळी डोके जड होण्याची आणि दिवसभराच्या थकव्याची होती, आणि तिचे खापर मी कधी शुगरवर तर कधी पाळी गेल्यानंतरच्या बदलांवर फोडत होते. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या खोलीत झोपलेल्या लेकीने ‘आई, तू मध्येच श्वास घ्यायचीच थांबतेस’ असे सांगितले, आणि तरीही मी सहा महिने टाळाटाळ केली.

जूनपासून मी सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र, लावते. त्याचे प्रेशर स्वयंचलित असून ते ६ ते १४ च्या दरम्यान ठेवलेले आहे. यंत्राच्या हिशेबानुसार श्वास अडकण्याचे प्रमाण ३८ वरून २.९ वर आले आहे. सकाळी पडद्यावर हसरा चेहरा उमटतो, माझा मात्र रडवेला असतो, कारण झोप म्हणावी तशी होतच नाही. रात्री तीन ते चार वेळा लघवीसाठी उठावे लागते. पहाटे तीनच्या सुमारास मास्क उशीशेजारी पडलेला सापडतो आणि तो मी कधी काढला हे मला सांगता येत नाही. गाऊन घामाने चिंब झालेला असतो आणि जीव घाबराघुबरा झालेला असतो, त्यामुळे मास्कमध्ये गुदमरून मी तो झोपेतच ओढून काढत असणार असा माझा समज आहे. त्यानंतर पुन्हा मास्क लावण्याचे धैर्य होत नाही, आणि सरासरी वापर जेमतेम चार तासांवर आला आहे. यात भर म्हणजे नाकाच्या हाडावर मास्कने पडलेली जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाही.

फिजिशियन म्हणतात की झोपेचे छातीच्या डॉक्टरांना विचारा. मिरजेचे छातीविकारतज्ज्ञ म्हणतात की यंत्राचे आकडे उत्तम आहेत. यंत्र देणाऱ्यांचा माणूस फोनवर सांगतो की पट्टे घट्ट करा. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण रात्री तीन वाजता यांच्यापैकी कोणीच नसते. ज्यांना अनेक आजारांसह हे यंत्र सांभाळावे लागते, त्यांनी आपले अनुभव सांगावेत ही विनंती.

शंखनाद | ९ जानेवारी, दुपारी १२.३०

ताई, हे यंत्र म्हणजे आयुष्यभराची गुलामगिरी आहे. आपल्या देवघरात शंख असेलच. जयपूरच्या डॉक्टरांनी शंख वाजवून स्लीप ॲप्निया कमी होतो हे अभ्यासाने दाखवून दिले आहे आणि ते परदेशी नियतकालिकातही छापून आले आहे. रोज पंधरा मिनिटे शंख वाजवा आणि ते नाकाडे परत करा.

औषधीवाला | ९ जानेवारी, दुपारी ३.०५

मी नागपुरात तीस वर्षे औषधांचे दुकान चालवले आहे, डॉक्टर नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ताई, शंखाचे नंतर पाहू. आपण सर्व गोळ्यांची यादी द्यावी, आणि प्रत्येक गोळी किती वाजता घेता तेही लिहावे. वेळेचा रकाना लोक नेहमी कोरा सोडतात आणि बहुधा गोम तिथेच असते.

छातीठोक | ९ जानेवारी, रात्री ९.४०

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. इथून कोणालाही औषधोपचार सांगणार नाही, पण काही गोष्टी समजावून देता येतील.

आधी शंखाविषयी, कारण तो अभ्यास मी वाचला आहे. त्यात मध्यम स्वरूपाचा आजार असलेले ३० रुग्ण होते. काहींनी आठवड्यातून पाच दिवस शंख वाजवला, तर काहींनी दीर्घ श्वसन केले. सहा महिन्यांनी शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि ताशी श्वास अडकण्याच्या संख्येत सरासरी चार-पाचाची घट झाली. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळाल्याने असे होणे पटण्यासारखे आहे आणि मला त्या अभ्यासाचे कौतुकच वाटते. परंतु ३८ मधून पाच वजा केल्यास ३३ उरतात आणि ३३ हाही तीव्रच आजार असतो. शिवाय रक्तदाब चढलेला असताना, किंवा काचबिंदू वा हर्निया असताना, जोर लावून शंख फुंकण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे. हौस असेल तर यंत्रासोबत जरूर वाजवावा, यंत्राऐवजी नको.

आता रात्रीच्या लघवीविषयी. श्वासनलिका मिटलेली असताना छाती श्वास ओढण्याचा प्रयत्न करते, तेव्हा छातीच्या पोकळीतील दाब बराच उणे होतो, हृदयाकडे जास्त रक्त ओढले जाते आणि हृदयाचे कप्पे ताणले जातात. शरीरात पाणी जास्त झाले आहे असा हृदयाचा गैरसमज होतो आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकण्याचा संदेश देणारे संप्रेरक सोडते. म्हणूनच स्लीप ॲप्नियाच्या पुष्कळ रुग्णांना रात्री वारंवार उठावे लागते, आणि पुरुषांमध्ये त्याचा ठपका प्रोस्टेटवर, मधुमेहींमध्ये साखरेवर ठेवला जातो. सीपॅप नीट चालू झाल्यावर हे उठणे बहुतेकदा कमी होते. आपले कमी झालेले नाही, त्याअर्थी दुसरे कारण शोधावे लागेल. आपल्या घोट्यांवर संध्याकाळी सूज असते का? मोज्याचा वळ उमटतो का? दिवसभर पायात साठलेले पाणी आडवे झाल्यावर वर सरकते, काही मूत्रपिंडांकडे जाते आणि काही मानेच्या भागात साठून घसा आणखी अरुंद करते, म्हणून हा प्रश्न क्षुल्लक समजू नये.

मास्क निघण्याविषयी एक साधी गोष्ट करता येईल. यंत्रातील कार्डावर किंवा मोबाइलमधील ॲपवर मास्क किती वाजता निघाला हे कळते. त्याआधीच्या अर्ध्या तासात हवेची गळती वाढली होती का, प्रेशर चढले होते का, श्वास अडकले होते का, हे पाहावे. यांपैकी काही घडले असेल तर दोष मास्कचा किंवा प्रेशरचा आहे. काहीच घडले नसेल, आलेख शांत असेल आणि तरीही आपण घामाघूम होऊन उठत असाल, तर कारण यंत्राच्या बाहेर आहे.

हळदीवाली | १० जानेवारी, सकाळी ८.५०

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. शंखनाद, आमच्या देवघरात शंख आहे आणि तो यजमान वाजवतात, त्यामुळे त्यांची झोप इतकी उत्तम का याचा उलगडा आज झाला.

यादी पुढीलप्रमाणे आहे. पहाटे अनशापोटी थायरॉक्सिन १००. नाश्त्यानंतर साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल. रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइड २ मिलीग्रॅम, आणि जेवणानंतर मेटफॉर्मिन, साखरेचीच डॅपाग्लिफ्लोझिन १० व रक्तदाबाची अम्लोडिपिन ५. सकाळच्या गोळ्यांनी पोट जड होते म्हणून जमतील तितक्या मी रात्रीकडे सरकवल्या, आणि हे कोणाला विचारून केलेले नाही, हे कबूल करते. झोप लागत नाही म्हणून आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी आठवड्यातून दोन-तीनदा घेते.

घोट्यांवर सूज असते. साडीच्या फॉलाखाली झाकली जाते म्हणून मी लक्ष देत नव्हते. ॲप लेकीकडून उघडून घेतले. बुधवारी मास्क ३.१२ ला निघाला आणि शुक्रवारी २.५० ला, आणि दोन्ही वेळा त्याआधी गळतीची रेघ सरळ आहे.

एक सांगायचे राहिले. वजन उतरवल्याखेरीज या आजाराला उतार नाही असे मिरजेच्या डॉक्टरांनी बजावले होते. त्यानुसार ऑक्टोबरपासून मी रात्रीचा भात बंद केला असून सायंकाळी सात वाजता एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वाटीभर ताक इतकेच घेते. चार किलो वजन कमी झाले आहे.

औषधीवाला | १० जानेवारी, सकाळी ९.३५

ताई, हे वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात जेवण भरपूर असो वा नसो. पूर्वी तुम्ही भात खात होतात, तेव्हा दोन मिलीग्रॅमला पुरेसे काम होते. ऑक्टोबरपासून जेवण निम्म्यावर आले आणि वजनही उतरले, पण गोळी तेवढीच राहिली. सायंकाळी सात वाजता भाकरी खाल्ली, तर पहाटे तीनला आठ तास होतात. साखर उतरल्यावर घाम फुटतो, जीव घाबरतो, माणूस अर्धवट गुंगीत काहीतरी ओढतो, फेकतो. तुमच्या बाबतीत हाताला पहिली वस्तू मास्कच लागते.

छातीत धडधड होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. होत नसेल तरी फसू नका. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या साखर उतरल्याची धडधड आणि हातांची थरथर दाबून टाकतात, घाम मात्र त्यांच्याने दबत नाही. दुकानात मी नेहमी सांगायचो की या गोळीवर असलेल्या मधुमेही माणसाला रात्री विनाकारण घाम आला तर घामालाच घंटा समजावे.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नका आणि सरकवूही नका. आजपासून तीन रात्री अडीच-तीनला गजर लावा आणि ग्लुकोमीटरवर साखर तपासा. जाग आपोआप आली तर त्याच क्षणी तपासा. ७० च्या खाली असेल तर आधी मास्क बाजूला करा, तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडे, वेळ आणि रात्री काय जेवलात ते वहीत लिहा आणि वही घेऊन फिजिशियनकडे जा. आकडा अगदी खाली गेला तर सोमवारची वाट पाहू नका.

छातीठोक | १० जानेवारी, दुपारी १.२०

औषधीवाला यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्यांच्या आधी हे माझ्या लक्षात यायला हवे होते, हेही मान्य करतो. आम्ही छातीवाले वजन कमी करा म्हणून सांगतो आणि विसरून जातो. पेशंटने ते खरोखर मनावर घेतले, तर मधुमेहाच्या गोळ्यांचा हिशेब कोणी फिरवायचा हे कोणीच सांगत नाही.

अल्प्राझोलामविषयी इतकेच सांगतो की या वर्गातील गोळ्या घशाचे स्नायू सैल करतात आणि श्वास अडकल्यावर जाग येण्याची शरीराची सोयही बोथट करतात. साखर उतरल्यावर जाग येणे हे तर तुमचे संरक्षण आहे, आणि अर्ध्या रात्रीत मास्क निघून गेलेला असताना पोटात ती गोळी असणे ही स्थिती मला मुळीच आवडत नाही. मात्र रोज घेणाऱ्यांनी ती एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत न्यावी.

आईची_लेक | ११ जानेवारी, रात्री ११.१०

माझे बाबा ७४ वर्षांचे असून त्यांच्या हृदयाचे पंपिंग ३५ टक्के आहे आणि त्यांना पेसमेकर बसवलेला आहे. त्यांच्या निमित्ताने शिकलेल्या दोन गोष्टी इथे नोंदवून ठेवते, कारण त्या आम्हाला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या.

काही मास्कच्या क्लिपांमध्ये चुंबक असतात. लावायला त्या अतिशय सोयीच्या, म्हाताऱ्या बोटांना तर वरदानच, म्हणून आम्ही हौसेने तसाच मास्क घेतला. पेसमेकर असलेल्या व्यक्तीने, किंवा तिच्या अगदी जवळ झोपणाऱ्याने, अशा क्लिपा वापरू नयेत असा इशारा आहे, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात छापलेले होते. विकणाऱ्याने बाबांच्या छातीवरचा उंचवटा पाहूनही काही विचारले नाही. आता साध्या हुकांचा मास्क आहे आणि आई रोज रात्री तो त्यांना लावून देते.

दुसरे म्हणजे, हृदय अशक्त असलेल्या रुग्णांमध्ये श्वास घशात अडकत नसून मेंदूकडूनच श्वासाचा आदेश खंडित होतो, असाही प्रकार आढळतो. बाबांच्या तपासणीत दोन्ही प्रकार मिसळलेले निघाले. त्यावर प्रत्येक श्वासागणिक दाब बदलणारे एक महागडे यंत्र असते आणि ते घ्यावे असे आम्हाला सुचवण्यात आले होते. हृदयरोगतज्ज्ञांनी मात्र ते थांबवले. त्यांनी सांगितले की पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि मुख्यतः मेंदूकडून श्वास थांबणाऱ्या रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, त्या यंत्राने हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले होते. तेव्हा हृदयाचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय कोणीही यंत्राचा प्रकार ठरवू नये.

छातीठोक | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

आईची_लेक यांनी अचूक लिहिले आहे. नंतरच्या एका अभ्यासात नव्या पद्धतीच्या यंत्राने तसा धोका दिसला नाही, पण फायदाही सिद्ध झाला नाही, त्यामुळे सावधगिरी कायम आहे.

उसातला_माणूस | १२ जानेवारी, दुपारी ४.००

आमच्या वडिलांना दम्याचा जुना त्रास आहे, विड्यांमुळे फुफ्फुसे खराब झाली आहेत. रात्री ऑक्सिजन ८२ पर्यंत उतरतो म्हणून घरी ऑक्सिजनचे मशीन आणले आहे. घोरणे प्रचंड आहे. सकाळी ते फार वेळ गुंगीत असतात. ऑक्सिजन वाढवावा का?

छातीठोक | १२ जानेवारी, सायंकाळी ६.४५

कृपया वाढवू नका, आणि उद्याच डॉक्टरांना दाखवा. फुफ्फुसांचा जुना आजार आणि घशात श्वास अडकणे हे दोन्ही एकत्र असताना नुसता ऑक्सिजन दिला, तर आकडा सुधारतो पण कार्बन डायऑक्साइड शरीरात साचू शकतो, आणि सकाळची गुंगी व डोकेदुखी ही त्याची खूण असू शकते. रक्तातील वायूंची तपासणी करून घ्यावी. त्यांना कदाचित बायपॅपची गरज असेल, म्हणजे श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे यंत्र.

न्यूजर्सीकर | १३ जानेवारी, पहाटे ५.३०

हळदीवाली ताई, मी इकडे अकरा वर्षांपासून हे यंत्र लावतो, आणि एक स्टेंटही बसलेला आहे. इकडे विमा कंपन्या यंत्राचे पैसे देताना आपल्यावर पाळत ठेवतात. सत्तर टक्के रात्री किमान चार तास वापर दिसला नाही, तर यंत्र परत न्यायलाही कमी करत नाहीत. यामुळे चार तास म्हणजे उत्तीर्ण, असा समज पसरला आहे, आणि तो मला घातक वाटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७०० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत, आणि अनेकांनी त्यावरून यंत्र निरुपयोगी ठरवले. पण त्या लोकांनी रात्री सरासरी ३.३ तासच यंत्र वापरले होते. पेंग आणि मनःस्थिती तेवढ्यानेही सुधारली होती. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत श्वास सर्वांत जास्त अडकतो, आणि नेमक्या त्याच वेळी ताईंचा मास्क उशीशेजारी असतो, तेव्हा २.९ हा आकडा अर्ध्याच रात्रीचा आहे हे ध्यानात घ्यावे. उरलेल्या रात्रीचा आकडा यंत्राला माहीतच नाही.

रक्तदाबाबद्दलही फार मोठी आशा धरू नये. सीपॅपने तो साधारण दोन-तीन अंकांनी उतरतो. गोळ्या सुटत नाहीत.

वळीव | १३ जानेवारी, सकाळी ११.००

नाकावरच्या जखमेबद्दल कोणीच लिहिले नाही. मी स्वतः मधुमेही आहे आणि मला तिथे जवळजवळ भोक पडायची वेळ आली होती. पट्टे घट्ट करणे हा उपाय नसून तेच कारण असते. मास्कची गादी हवेने फुगून चेहऱ्यावर टेकायला हवी, आवळली की ती दबते, गळती उलट वाढते आणि हवा डोळ्यांत जाते. यंत्र चालू करून, उशीवर आडवे होऊन, मग पट्टे एकेक सैल करत जावे आणि हवा सुटू लागली की जरासे परत ओढावे. बसून मापलेला मास्क झोपल्यावर कधीच तसा बसत नाही, कारण गाल मागे पडतात. चेहऱ्याला रात्री तेल किंवा क्रीम लावून मास्क लावू नये. जखम भरेपर्यंत नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क वापरावा, म्हणजे नाकाच्या हाडाला स्पर्शच होत नाही. मधुमेहात तीन आठवडे न भरलेली जखम मात्र डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

आणि सांगलीत वळवाच्या पावसात लाइट गेली तर काय, याचाही विचार आताच करून ठेवावा. पाणी तापवणारा भाग बंद केला तर इन्व्हर्टरवर यंत्र कितीतरी जास्त वेळ चालते. पाण्याच्या भांड्यात नळाचे पाणी घालू नये, डिस्टिल्ड वॉटरच वापरावे, नाहीतर क्षारांचा थर बसतो.

हळदीवाली | १४ जानेवारी, सकाळी ६.२०

संक्रांतीच्या शुभेच्छा. तीन रात्रींचा वृत्तांत देते.

पहिल्या रात्री गजर वाजला तेव्हा साखर ८८ होती आणि मी स्वतःच्या शंकेखोरपणावर हसून पुन्हा झोपले. दुसऱ्या रात्री मुगाची खिचडी खाल्ली होती, तेव्हा ९६. काल रात्री मात्र गजराआधीच जाग आली. मास्क उशीखाली होता, त्यातून हवा फुसफुसत होती आणि पाठ ओली झाली होती. मी पलंगाच्या कडेवर बसले, टेबलावरचा दिवा लावला. बोट टोचायला लागले तर हात इतका गार आणि ओलसर की थेंब पसरून जात होता. दोन पट्ट्या वाया गेल्या. तिसऱ्या पट्टीवर ५८ आकडा आला. काल मी उपवासाला जोडून रात्री नुसते ताक आणि एक पेरू खाल्ला होता.

यजमानांना हाक मारली. ते उठले, हे विशेष. साखरपाणी त्यांनीच करून दिले, आणि पंधरा मिनिटांनी आकडा ८१ आला. सात महिने मी ज्या मास्कला शिव्या दिल्या, त्याचा यात काडीचाही दोष नव्हता. फिजिशियनांना आत्ताच फोन केला असून त्यांनी रात्रीची ग्लिमेपिराइड आजपासून बंद ठेवून दहा वाजता वहीसह बोलावले आहे.

औषधीवाला | १४ जानेवारी, सकाळी ६.५५

आज तिळगूळ दोन खा. जाऊन आलात की कळवा.

हळदीवाली | ११ मार्च, रात्री ८.३०

उशिरा लिहीत आहे याबद्दल क्षमस्व. मुद्दाम थांबले होते, कारण दोन आठवड्यांच्या चांगल्या झोपेवर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती.

फिजिशियनांनी रात्रीची ग्लिमेपिराइड कायमची बंद केली. डॅपाग्लिफ्लोझिन सकाळी घ्यायला सांगितले, कारण ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि सोबत पाणी नेते. हे मला चौदा वर्षांच्या मधुमेहानंतर आता कळले. घोट्यांच्या सुजेचे कारण अम्लोडिपिन निघाले, त्याऐवजी दुसरी गोळी दिली आणि पंधरा दिवसांत सूज ओसरली. मी स्वतःहून दुकानातून घट्ट मोजे आणणार होते, पण मधुमेहात पायांचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय ते घालू नयेत असे त्यांनी बजावले. त्याऐवजी दुपारी अर्धा तास पाय उशीवर ठेवून पडते. अल्प्राझोलाम सुटली. थायरॉइड तपासला, तो ठीक आहे. सकाळची उपाशीपोटी साखर थोडी वाढून १३० च्या आसपास असते, आणि पहाटे ५८ होण्यापेक्षा ती परवडली असे डॉक्टरांचे मत आहे.

रात्री आता एकदाच उठते. मास्क निघत नाही असे नाही, आठवड्यातून एखादे वेळी निघतो, पण तेव्हा साखर तपासून शंभरच्या पुढे असल्याची खात्री झाली की पुन्हा लावून झोपते. नाकपुड्यांचा छोटा मास्क घेतला, जखम भरली असून तिथे पांढरट डाग राहिला आहे. थंडीत नळीत पाणी साचून नाकात थेंब यायचे, त्यावर यजमानांनी जुन्या स्वेटरची बाही कापून नळीला घातली आहे. गेल्या तीस दिवसांची सरासरी सहा तास दहा मिनिटे आहे. दुपारच्या सिरियलमध्ये मला डुलकी लागत नाही, त्यामुळे ती किती रटाळ आहे हेही समजले.

मिरजेच्या डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनचा विषय काढला होता. तिर्झेपाटाइडला लठ्ठपणासह असलेल्या मध्यम व तीव्र स्लीप ॲप्नियासाठी अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाल्याचे त्यांनी सांगितले. खर्च ऐकून मी विषय बदलला. शिवाय आता इंजेक्शन आले तर पुन्हा सर्व गोळ्यांचा हिशेब मांडावा लागेल, आणि त्याआधी मी इथे विचारणार आहे.

एक नवीन प्रश्न आहे. मे महिन्यात उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरत आहे. हाडांच्या डॉक्टरांनी फॉर्मवर मधुमेह आणि रक्तदाब लिहून घेतला, झोपेच्या आजाराचा रकानाच नव्हता. हे भूल देणाऱ्यांना सांगणे आवश्यक आहे का?

छातीठोक | ११ मार्च, रात्री १०.०५

अत्यावश्यक आहे. फॉर्मच्या समासात स्वतःच्या हाताने लिहा. स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि सध्याचे प्रेशर, दोन्ही भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आधीच दाखवा. भूल उतरताना आणि नंतर वेदनाशामक म्हणून अफूवर्गीय औषधे दिल्यास घसा मिटण्याचा धोका वाढतो, त्यामुळे शक्य असेल तर कमरेतून भूल देण्याचा विचार ते करतील. यंत्र, मास्क, पाण्याची बाटली आणि स्वेटरची बाही, सगळे सामान पिशवीत भरून रुग्णालयात सोबत न्या, आणि पहिल्या रात्रीपासून लावून मागा. वॉर्डातील नर्सना ते कसे लावायचे हे माहीत असेलच असे गृहीत धरू नका, यजमानांना शिकवून ठेवा.

हळदीवाली | ११ मार्च, रात्री १०.४०

यजमानांना आजच शिकवायला बसवले आहे. मास्क त्यांनी पहिल्या प्रयत्नात उलटा लावला.